फॅमिली क्वार्टर फुकट नसतं: मराठवाड्यातल्या नव्या फौजी कुटुंबांसाठी हिशेब आणि पायऱ्या

पोरगं फौजेत असलं की लग्नानंतर वर्षभरात घरात हा विषय निघतोच. फॅमिली सोबत न्यायची की गावी ठेवायची? न्यायची तर क्वार्टर घ्यायचं की बाहेर खोली करायची? पारावर बसलेल्यांकडे याचं उत्तर तयार असतं: "क्वार्टर फुकट असतंय, घेऊन टाक." जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) आणि जवानांकडून क्वार्टरचं भाडं घेत नाहीत, एवढं त्यात खरं आहे. पण क्वार्टर ताब्यात घेतल्या दिवसापासून घरभाडे भत्ता थांबतो. तो गेलेला भत्ता हेच तुमचं भाडं. अधिकाऱ्यांचा तर भत्ताही जातो आणि वर लायसन्स फी, म्हणजे क्वार्टरचं भाडं, कापली जाते. तेव्हा क्वार्टर केवढ्याला पडतं हे आधी मांडा, मग घ्या.

खालचं सगळं नियमित सेवेतल्या जवानांसाठी आहे. अग्निवीर भरतीला अविवाहित असण्याची अट असते आणि त्यांच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये घरभाडे भत्ता नसतो. त्या घरांनी हा हिशेब पोरगा कायम झाल्यावर करावा.

आधी "छावणी" म्हणजे काय ते समजून घ्या

मराठवाड्यात छावणी एकच, छत्रपती संभाजीनगरची. गावाकडून पहिल्यांदा येणाऱ्याची इथेच गफलत होते. छावणीत दोन भाग आहेत. एक लष्करी भाग, जिथे युनिट, एमएच (लष्करी दवाखाना) आणि फॅमिली क्वार्टर असतात. दुसरा नागरी भाग, जिथे दुकानं आणि सामान्य लोकांची घरं आहेत आणि गुरुवारचा बाजार भरतो. नागरी भागात घर घेतलं तर ते साधं भाड्याचं घर झालं. तिथे छावणी परिषदेचे नियम लागतात आणि एमईएसचा (लष्कराचं बांधकाम-दुरुस्ती खातं) माणूस नळ दुरुस्त करायला येत नाही. "छावणीत घर आहे, फौजीलाच देतो," असं एखादा एजंट म्हणाला की एवढंच ओळखा की तो नागरी भागातलं घर दाखवतोय. लष्करी क्वार्टर एजंटमार्फत कधीच मिळत नाही.

पोस्टिंग अहिल्यानगर, देवळाली, पुणे, खडकी किंवा कामठीला असेल तरी हीच रीत. राज्याबाहेर गेलात तर भत्त्यासाठीचा शहराचा वर्ग (पायरी 1 बघा) आणि हवामान बदलतं, कागद तेच राहतात.

पायरी 1: जाणारा भत्ता काढा

घरभाडे भत्ता फक्त मूळ पगारावर, म्हणजे बेसिकवर मिळतो. एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे, फौजेतल्या नोकरीबद्दल मिळणारी वेगळी रक्कम) त्यात धरत नाहीत. पे स्लिपवर एमएसपी बेसिकच्या शेजारीच असतो, म्हणून बरेच जण दोन्ही मिळवून हिशेब करतात आणि चुकतात. सातव्या वेतन आयोगाखाली 1 जानेवारी 2024 पासून दर असे आहेत: एक्स वर्गाच्या शहरात 30 टक्के, वाय वर्गात 20 टक्के, झेड वर्गात 10 टक्के. पुणे एक्समध्ये येतं. मराठवाड्यातलं संभाजीनगर आणि नांदेड-वाघाळा वायमध्ये, तर जालना, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, हिंगोली झेडमध्ये. पुढच्या वेतन आयोगात आकडे बदलले तरी मांडणी हीच ठेवा.

समजा नाईकाचं बेसिक 27,100 आहे. संभाजीनगरला भत्ता 5,420 रुपये, पुण्याला 8,130 आणि बीडसारख्या ठिकाणी 2,710. म्हणजे तेच दोन खोल्यांचं क्वार्टर पुण्याच्या पोस्टिंगला तुम्हाला महिन्याला 8,130 ला पडतं आणि संभाजीनगरला 5,420 ला. नुकत्याच लागलेल्या शिपायाचं बेसिक 21,700 असेल तर संभाजीनगरला त्याचे फक्त 4,340 जातात. पगार कमी तेवढं क्वार्टर स्वस्त. म्हणून शिपाई आणि नाईक यांनी ते सहसा सोडू नये असं आमचं मत आहे.

पायरी 2: बाहेरच्या घराचा खरा खर्च काढा

फक्त भाडं धरून तुलना करू नका. उदाहरणापुरते आकडे घेऊ, तुम्ही तुमचे घाला. भाडं 8,000, वीज 1,200, टँकरच्या पाण्याचा वाटा 600, मुलाची शाळेची रिक्षा 1,000. बेरीज 10,800. आता क्वार्टर: गेलेला भत्ता 5,420, वीज-पाणी वसुली समजा 700. बेरीज 6,120. फरक महिन्याला 4,680, वर्षाला 56,160. भाडं 8,000 ऐवजी 4,500 चं एखादं जुनं घर मिळालं तर बाहेरची बेरीज 7,300 होते आणि फरक 1,180 वर येतो. तेवढ्यासाठी क्वार्टरची बंधनं नकोशी वाटली तर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र नंबर आल्यावर क्वार्टर नाकारलं तर भत्ताही जातो, ते पायरी 6 मध्ये बघा.

वीज-पाण्याची वसुली हुद्दा, सवलतीची मर्यादा आणि मीटरचं रीडिंग यांवर ठरते. आधीपासून क्वार्टरमध्ये राहणाऱ्या तुमच्याच हुद्द्याच्या दोघांकडून एप्रिल-मे आणि डिसेंबर अशा दोन वेळच्या कपाती विचारून घ्या. उन्हाळ्याचा आकडा न विचारता ठरवलं तर पहिल्याच मे महिन्यात धक्का बसतो. साधारण अंदाज असा: 180 वॅटचा कूलर रोज 12 तास चालला तर महिन्याला 65 युनिट होतात. दीड टनाचा एसी रात्री 8 तास चालवला तर महिन्याला 300 युनिटच्या आसपास जातात. एसी बसवायला परवानगी लागते आणि जुन्या क्वार्टरची वायरिंग तो भार पेलत नाही, हे वेगळंच.

बाहेरच्या घरात विजेचा एक सापळा असतो. एका महावितरण मीटरवर मालकाने तीन भाडेकरू ठेवले असतील तर सगळ्यांची युनिटं एकत्र मोजली जातात, बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि कमी वापरणाऱ्यालाही महाग दर पडतो. स्वतंत्र मीटर असलेलंच घर बघा. दुसरं असं की महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, 11 महिन्यांचा असला तरी. मालक "कशाला, ओळखीतलंच आहे" म्हणाला तरी नोंदणी करून घ्या. अनामत परत मागताना तोच कागद कामाला येतो.

आयकराचं गणित इथे डोक्यातून काढून टाका. नव्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट नाही, आणि 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर लागत नाही. बहुतेक जवानांच्या निर्णयावर त्याचा काही परिणाम होत नाही.

पायरी 3: पाण्याला किंमत लावा

मराठवाड्यात घर निवडताना पैशाच्या आधी पाणी बघायचं असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. संभाजीनगरात जायकवाडी जवळ असूनही शहराच्या बऱ्याच भागांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आलं आहे.

भाड्याचं घर बघायला गेलात की "पाणी आहे का" असं विचारू नका. उत्तर "आहे" असंच येतं. विचारायचं असं: नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ चालतो, टाकी किती लिटरची आणि ती किती घरांत वाटलेली? मग गणित करा. चार माणसांना काटकसरीने रोज 400 लिटर लागतात. पाणी 8 दिवसांनी येत असेल तर साठा 3,200 लिटरचा हवा. गच्चीवर तुमच्या वाट्याला 1,000 लिटरची टाकी असेल तर तिसऱ्या दिवशी ती रिकामी होते आणि उरलेले पाच दिवस बोअरवेल किंवा टँकर. मार्चनंतर बोअर आटलं की सगळा भार टँकरवर येतो. हे घर जानेवारीत बघितलं तर छानच वाटतं. म्हणून शेजारच्या भाडेकरूला मे महिन्याचं विचारा.

लष्करी भागात पाणी एमईएस देतं. वेळ ठरलेली असते, उन्हाळ्यात तीही कमी होते, पण टँकरवाल्याला फोन करत बसावं लागत नाही. नवरा ड्युटीवर आणि घरी बाई लहान लेकरासोबत एकटी असताना याची किंमत महिन्याच्या 600 रुपयांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आमच्या मते संभाजीनगरसारख्या ठिकाणी क्वार्टर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

पायरी 4: गावाकडचं वजन विसरू नका

ही बाजू फौजी हिशेबात कुणी मांडत नाही. सून गावी असते तेव्हा ती खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, दूधदुभतं सांभाळते. ती गेली की त्या कामाला रोजाने माणूस लावावा लागतो. वर्षात साधारण किती दिवस मजूर लावावा लागेल ते सासऱ्यांना विचारा, गावातल्या चालू रोजाने गुणा आणि ती रक्कम हिशेबात घाला. 60 दिवस आणि रोज 300 रुपये धरले तरी 18,000 होतात. बाहेरच्या घराशी तुलना करताना जी 56,160 ची बचत दिसली, ती "गावीच ठेवली असती तर" या तुलनेत दिसत नाही.

गावी घराचं भाडं नसतं, धान्य शेतातलं असतं. क्वार्टरमध्ये आलात की भाजी, दूध, तेल सगळं विकत. ज्वारी, तूरडाळ आणि वर्षाचं तिखट गावाहून आणलं तर मोठा फरक पडतो, पण क्वार्टरमध्ये साठवायला जागा कमी आणि ओल असेल तर भुंगा लवकर लागतो. एका वेळी तीन महिन्यांचंच आणा, उन्हात चांगलं वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. फॅमिली सोबत राहायला लागली की जवानाचं लंगरमधलं जेवण बंद होतं. त्याबदली शिधा किंवा रेशनचे पैसे युनिटच्या पद्धतीप्रमाणे मिळतात. ते सुरू होण्यासाठी कंपनीत (युनिटमधल्या आपल्या तुकडीत) वेळेवर नोंद करा, नाही तर पहिला महिना कोरडा जातो.

आणि हे सगळं आकड्यांत मांडूनही एक गोष्ट उरते. नवराबायकोला एकत्र राहायला मिळणारी ही वर्षं मोजकी असतात. पीस पोस्टिंग (जिथे कुटुंब नेता येतं) संपून फील्ड (जिथे नेता येत नाही) लागली की दोन-तीन वर्षं पुन्हा ताटातूट. लेकराला बाप ओळखीचा व्हावा असं वाटत असेल तर 18,000 चा मजूर लावावा.

पायरी 5: कागद अर्जाच्या आधी

क्वार्टर उशिरा मिळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण कागद असतात. क्रम असा ठेवा.

विवाह नोंदणी पहिली. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, लग्नापासून 90 दिवसांच्या आत. वधूवरांचे वयाचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो आणि 3 साक्षीदार लागतात. सुट्टी संपायच्या आत करून टाका. पुढच्या सुट्टीवर ढकललं की दंडही लागतो आणि पार्ट टू ऑर्डरही (जवानाच्या सेवेच्या कागदांत होणारी लेखी नोंद) लांबते.

मग नाव. आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. आधारवर माहेरचं नाव, लग्नपत्रिकेवर सासरचं, बँकेत तिसरंच. पार्ट टू ऑर्डरमध्ये जे नाव जाईल तेच डिपेंडंट कार्डावर (कुटुंबीयांचं ओळखपत्र), एमएचमध्ये आणि पुढे पेन्शनच्या कागदांवर जाणार आहे. फक्त आडनाव बदलायचं असेल तर विवाह प्रमाणपत्रावर आधार दुरुस्त होतं. पहिलं नाव पूर्ण बदललं तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईने चुकीचं स्पेलिंग करून एक संधी घालवू नका. पहिलं नाव बदलायची हौस कागदावर न आणणं हाच सोपा मार्ग. घरी काय हाक मारायची ती मारा.

त्यानंतर लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली का, ते क्लार्ककडे पाठपुरावा करून बघा. अर्ज दिला म्हणजे ऑर्डर निघाली असं होत नाही. छापील प्रत हातात घ्या, नाव, जन्मतारीख आणि लग्नाची तारीख अक्षर न् अक्षर जुळवा. ती बरोबर असेल तरच डिपेंडंट कार्डाचा अर्ज करा. बायकोचं स्वतःचं बँक खातं आणि तिच्या नावावरचा मोबाईल नंबरही याच वेळी. नवरा फील्डमध्ये रेंजबाहेर असताना ओटीपी त्याच्या फोनवर जाऊन उपयोग नसतो.

पायरी 6: अर्ज आणि वाट बघणं

अर्ज कंपनीतून, युनिटमार्फत जातो. जवानांना बहुतेक ठिकाणी युनिटच्या वाट्याच्या क्वार्टरांमधून ज्येष्ठतेच्या यादीने घर मिळतं, अधिकाऱ्यांची यादी स्टेशन हेडक्वार्टर चालवतं. नव्या ठिकाणी हजर झालात त्याच आठवड्यात अर्ज द्या. यादीत आपला नंबर आणि नोंदीची तारीख लेखी बघा. "साहेबांनी सांगितलंय, होऊन जाईल" यावर विसंबून गावाकडचं सामान बांधू नका.

क्वार्टर मिळेपर्यंत बाहेर राहणार असाल तर क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला, ज्याला सगळे एनएसी म्हणतात, तो घ्या आणि भत्त्याची पार्ट टू ऑर्डर करून घ्या. हा दाखला न घेता सहा-सहा महिने खिशातून भाडं भरणारे जवान दर युनिटात असतात. उलटंही लक्षात ठेवा: नंबर आल्यावर दिलेलं क्वार्टर नाकारलं तर पुढे भत्त्यावर हक्क सांगता येत नाही. "तिसरा मजला नको, तळमजल्याचं द्या" म्हणण्याआधी याचा विचार करा.

मजल्याचंच निघालं म्हणून: वरच्या मजल्याचं स्लॅब एप्रिलपासून रात्री दहापर्यंत तापलेलं राहतं, आणि खाली पाण्याचा दाब कमी असेल तर टाकी भरत नाही. तळमजल्याला ओल, डास आणि पावसाळ्यात साप-विंचू. लहान लेकरू आणि म्हातारी माणसं असतील तर मधला मजला मागावा, मिळाला तर.

पायरी 7: ताबा घेताना घाई नको

मार्च-इनचा, म्हणजे ताबा घेण्याचा, दिवस हा या सगळ्यातला सगळ्यात महागडा दिवस ठरू शकतो. आज जे मोडलेलं तुम्ही लिहून घेणार नाही, त्याचे पैसे घर सोडताना तुमच्याकडून कापले जातील. बॅरॅक डॅमेजेस म्हणतात ते हेच. म्हणून दिवसाउजेडी, सामान आत नेण्याआधी, एमईएस आणि बॅरॅक स्टोअरच्या माणसासोबत घर फिरा. आम्ही सुचवतो तो क्रम:

सगळे नळ एकदम उघडा आणि पाच मिनिटं वाहू द्या. दाब किती टिकतो ते कळतं. संडासाची टाकी दोनदा भरून सोडा. मोरीत आणि बाथरूममध्ये एकेक बादली ओता, पाणी उभं राहिलं तर नाली तुंबलेली आहे. मोबाईलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग तपासा. 16 अँपिअरचे प्लग किती आणि कुठे आहेत ते बघा, कारण गीझर आणि इंडक्शन शेगडी साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर चालवली की प्लग वितळतो, मागची वायर जळते. जुन्या क्वार्टरमध्ये जळालेला काळा प्लग हमखास दिसतो, तो यादीत लिहा. पंखे, ट्यूब, खिडक्यांच्या काचा, कड्या, कुलपांच्या चाव्या मोजा. दाराच्या चौकटीवर बोटाच्या गाठीने ठोका, आवाज पोकळ आला तर आत वाळवी आहे. छताच्या कोपऱ्यात पिवळे डाग असतील तर पावसाळ्यात तिथून गळणार. गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का आणि फ्लोट बॉल पाणी बंद करतो का, हे बघायला कुणी वर जात नाही. तुम्ही जा.

मीटरचं रीडिंग ऑक्युपेशन रिपोर्टवर (ताबा घेतल्याचा कागद) लिहूनच सही करा. ते लिहिलं नाही तर आधीच्या माणसाची थकबाकी तुमच्या नावावर येते. आतले फोटो काढणं चालतं का ते आधी विचारा. चालत नसेल तर हाताने लिहिलेली यादी, दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. तुमची प्रत घर सोडेपर्यंत जपायची.

फर्निचर बॅरॅक स्टोअरमधून मिळतं. जेवढं लागेल तेवढंच घ्या. मिळतंय म्हणून घेतलेली मोडकी खुर्चीही परत करताना तुमच्या नावावर असते.

गॅसचं आधीच बघा. गावचं कनेक्शन सासूबाईंच्या नावावर असेल तर ते तिथेच राहू द्या आणि इथे वेगळं घ्या. तुमच्याच नावावर असेल आणि ते हलवायचं असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर आणि अनामत घ्या, नव्या गावच्या एजन्सीत ते दाखवा. बदलीवर मिळणारं ट्रान्सफर ग्रँट बेसिकच्या 80 टक्के असतं. पडदे, कूलर, गॅस, पहिला किराणा यातच ते संपतं. त्यातून टीव्ही घ्यायचा बेत नको.

राहायला लागल्यावर

तक्रार तोंडी सांगू नका. एमईएसच्या तक्रार नोंदवहीत लिहा, नंबर आणि तारीख टिपून ठेवा. भिंत, दार, छत, संडास हे बी/आरकडे, वीज आणि पंप ई/एमकडे. चुकीच्या ठिकाणी नोंदवली तर तक्रार पडून राहते आणि तुम्हाला वाटतं कुणी लक्ष देत नाही.

कूलरला मराठवाड्यात पर्याय नाही. इथलं बोअरचं पाणी जड असतं, पट्ट्यांवर पांढरा थर बसून दोन महिन्यांत वारा कमी होतो. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासा. त्यातच डासांच्या अळ्या होतात, आणि लष्करी भागात हेल्थवाले तपासायला येतात. अळ्या सापडल्या तर गोष्ट युनिटपर्यंत जाते. कूलरचं पाणी भिंतीवर ठिबकू देऊ नका, त्या ओलीचा डाग शेवटी डॅमेजमध्ये मोजला जातो.

नियम कडक असतात आणि ते पाळायलाच हवेत. क्वार्टर किंवा त्यातली एक खोलीही दुसऱ्याला भाड्याने देणं हा गंभीर गुन्हा धरतात, सख्ख्या चुलतभावाला शिकायला ठेवणंही परवानगीशिवाय नाही. गावाहून पाहुणे येणार असतील तर गेटवर ओळखपत्र आणि पास लागतो. सकाळच्या गाडीने दहा माणसं अचानक उतरली तर गेटवरच अडकतात, म्हणून नातेवाइकांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा. लग्नसराईत हे सांगणं अवघड जातं, तरी सांगा. परिसराचे फोटो, व्हिडिओ, नवऱ्याच्या युनिटचं नाव, हालचाल, यांतलं काहीही स्टेटसला टाकू नका.

एमएच आणि शाळा या क्वार्टरच्या दोन मोठ्या कमाया आहेत. बायको, मुलं आणि अवलंबित म्हणून नोंद असलेले आई-वडील यांना एमएचमध्ये उपचार मिळतात. घर जवळ असल्याचा फायदा रात्री दोन वाजता लेकराला ताप चढला की कळतो. आई-वडिलांची नोंद झाली नसेल तर ती याच काळात करून घ्या.

शाळेसाठी छावणीत केंद्रीय विद्यालय आहे. पहिलीला 31 मार्च रोजी 6 वर्षं पूर्ण हवीत. विद्यालय विकास निधी महिन्याला 500 रुपये, मुलींना शिक्षण शुल्क नाही. प्रवेशात वडिलांच्या मागच्या 7 वर्षांतल्या बदल्या मोजतात, म्हणून बदल्यांचा दाखला युनिटकडून आधीच घ्या. एकदा लेकरू या शाळेत गेलं की पुढच्या बदलीत दुसऱ्या गावच्या केंद्रीय विद्यालयात दाखल्यावर जाता येतं. पण तिथे शिकवणं हिंदी-इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून चौथीपर्यंत शिकलेलं मूल अचानक पाचवीत नेलं तर ते वर्षभर गप्प बसतं. न्यायचं असेल तर पहिलीलाच न्या, आणि मराठी वाचन घरी चालू ठेवा.

फील्ड पोस्टिंग लागली तर

ऑर्डर आल्याबरोबर तीन पर्याय समोर येतात. पहिला, एसएफ क्वार्टर, म्हणजे नवरा फील्डमध्ये असताना कुटुंबासाठी ठेवलेली घरं. संख्या कमी, मागणी मोठी, म्हणून हालचालीच्या तारखेआधीच अर्ज. दुसरा, जिल्ह्याच्या गावी भाड्याने. तिसरा, गावी परत. दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायात कुटुंब राहण्याचं निवडलेलं ठिकाण पार्ट टू ऑर्डरमध्ये काय लिहिलंय त्यावर भत्त्याचा दर ठरतो. नांदेड शहर 20 टक्क्यांत, परभणी 10 टक्क्यांत. पण खोटं ठिकाण लिहू नका. नंतर तपासणीत सगळी रक्कम वसूल होते आणि सेवापुस्तकात डाग लागतो.

मुलाचं वर्ष मध्यावर असेल तर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत क्वार्टर ठेवायची परवानगी मागता येते. शाळेचा दाखला जोडून लेखी मागा, लेखी उत्तर येईपर्यंत गृहीत धरू नका. परवानगीशिवाय मुदतीनंतर राहिलात तर दंडाच्या दराने वसुली लागते. ती घरभाडे भत्त्याच्या कितीतरी पट असते आणि थेट पगारातून जाते.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जूनच्या आधी चौकशी करा.

घर सोडताना

पंधरा दिवस आधी कळवा. भिंतीतले खिळे काढून भोकं पुट्टीने बुजवा, तुटलेल्या काचा आणि नळ स्वतः बाजारातून आणून बसवले तर कपातीपेक्षा सहसा स्वस्त पडतात. बॅरॅक स्टोअरचं फर्निचर पावती घेऊन परत करा. ताबा घेतानाची जपलेली यादी काढा आणि तीच समोर धरून एमईएसच्या माणसासोबत फिरा. व्हेकेशन रिपोर्टवर (घर सोडल्याचा कागद) मीटरचं शेवटचं रीडिंग आणि तारीख लिहून घ्या. चाव्या दिल्या की थकबाकी नसल्याचा दाखला मागा आणि त्याच दिवशी क्लार्ककडे जाऊन घरभाडे भत्ता पुन्हा सुरू करण्याची पार्ट टू ऑर्डर टाका. क्वार्टर सोडल्याची तारीख आणि भत्ता सुरू झाल्याची तारीख पुढच्या दोन पे स्लिपवर जुळते का ते तपासा. इथे महिना-दोन महिन्यांचा भत्ता हमखास राहतो, आणि नव्या युनिटात गेल्यावर जुन्या युनिटकडून तो कागद मिळवायला सहा महिने लागतात.